घराबाहेरील रुंदकोनी सुरक्षा कॅमेरा

घराबाहेरील रुंदकोनी सुरक्षा कॅमेरा (बोलीभाषेत वाइड अँगल सीसीटीव्ही) हा घराचे फाटक, अंगण, वाहनतळ किंवा गच्ची यांसारख्या उघड्या जागेवर लक्ष ठेवण्यासाठी बसवला जाणारा चित्रण-कॅमेरा होय. त्याच्या भिंगाचा आडवा दृष्टिकोन साधारणपणे ९० अंशांहून अधिक असतो. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याने अंगणाच्या दोन बाजू किंवा संपूर्ण दर्शनी भाग टिपता येतो. मात्र कोन जितका रुंद, तितका दूरच्या माणसाचा चेहरा चित्रात लहान व अस्पष्ट होतो. अशा कॅमेऱ्याची निवड, जागा व उंची ही मुख्यतः या दोन गोष्टींच्या मेळावर ठरते.

भारतात या कॅमेऱ्यांचा वापर घरमालक, गृहनिर्माण संस्था, दुकानदार व शेतकरी करतात. त्यातून मिळणारे चित्रण पोलीस तपासात व न्यायालयात पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. त्याच वेळी शेजाऱ्यांच्या व वाटसरूंच्या खासगीपणाचा प्रश्नही त्यातून उद्भवतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील छावणीसारख्या लष्करी वसाहतीत या प्रश्नाला संरक्षणविषयक कायद्याचीही जोड मिळते.

## इतिहास

बंदिस्त परिपथातील दूरचित्रवाणीचा, म्हणजे सीसीटीव्हीचा, एक सुरुवातीचा ज्ञात वापर १९४२ मध्ये जर्मनीतील पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाच्या चाचण्या सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी झाला. घरासाठी अशी यंत्रणा कल्पिण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांना दिले जाते. त्यांनी पती आल्बर्ट ब्राउन यांच्यासह १९६६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे एकस्व मिळाले. त्यांच्या आराखड्यात दारातील छिद्रांमागे सरकणारा कॅमेरा, घरातील पडदा, बाहेरच्या व्यक्तीशी बोलण्याची सोय आणि दूरस्थपणे दार उघडण्याची कळ होती.

रुंद कोनाच्या भिंगांचा उगम वेगळ्या क्षेत्रातला आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला जग कसे दिसत असेल याचा विचार करताना भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९०६ मध्ये ‘फिशआय’ ही संज्ञा वापरली. पुढे ढगांचे निरीक्षण करण्यासाठी संपूर्ण आकाश एका चित्रात घेणारी भिंगे तयार झाली.

महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांच्या जाळ्याला २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर गती आली. त्या हल्ल्याचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या राम प्रधान समितीच्या शिफारशींत शहरात सीसीटीव्ही यंत्रणा उभारण्याचा समावेश होता. मुंबईतील प्रकल्प २०१६ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच वर्षी औरंगाबादची निवड केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानात झाली आणि नंतर या प्रकल्पातून शहरातील चौक व रस्त्यांवर सुमारे ७०० कॅमेरे बसवण्यात आले. सार्वजनिक कॅमेऱ्यांचा भर मुख्य रस्त्यांवर असतो. गल्लीबोळ, अंगणे व घरांची दारे यांवर लक्ष ठेवण्याचे काम खासगी कॅमेरेच करतात.

## दृष्टिकोन व तपशील यांचा संबंध

कॅमेऱ्याचा दृष्टिकोन भिंगाचे नाभीय अंतर आणि संवेदकाचा आकार यांवर अवलंबून असतो. घरगुती कॅमेऱ्यांत नेहमी आढळणाऱ्या १/२.८ इंची संवेदकासह २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे १०० ते ११० अंशांचे, ४ मिलिमीटरचे भिंग सुमारे ८० ते ८५ अंशांचे आणि ६ मिलिमीटरचे भिंग सुमारे ५० ते ५५ अंशांचे आडवे दृश्य देते. नाभीय अंतर कमी झाले की कोन वाढतो.

चित्रातील तपशील मोजण्यासाठी ‘प्रतिमीटर पिक्सेल’ हे एकक वापरतात. एखाद्या ठिकाणी एक मीटर रुंदीची वस्तू चित्रात किती पिक्सेल व्यापते, ते यातून कळते. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत पुढील पायऱ्या सांगितल्या होत्या:

* शोध – प्रतिमीटर २५ पिक्सेल: तेथे कोणीतरी आहे एवढे कळते.
* निरीक्षण – प्रतिमीटर सुमारे ६२ पिक्सेल: पेहराव व हालचाल यांचा काही तपशील कळतो.
* परिचिताची ओळख – प्रतिमीटर १२५ पिक्सेल: आधी पाहिलेली व्यक्ती हीच, असे खात्रीने सांगता येते.
* अनोळखी व्यक्तीची ओळख – प्रतिमीटर २५० पिक्सेल: अपरिचित व्यक्तीची ओळख संशयाला जागा न ठेवता पटवता येते.

कॅमेऱ्यासमोर ‘अ’ अंतरावर दिसणारी रुंदी ही अंतराच्या दुपटीला कोनाच्या निम्म्याच्या स्पर्शज्येने (टॅनने) गुणून मिळते. १०० अंशांच्या कॅमेऱ्यासमोर १० मीटरवर सुमारे २४ मीटर रुंदीचे दृश्य असते. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे १,९२० आडवे पिक्सेल एवढ्या रुंदीत विभागले गेले की प्रत्येक मीटरच्या वाट्याला सुमारे ८० पिक्सेल येतात. म्हणजे दहा मीटरवरील माणूस काय करतो आहे ते दिसेल, पण तो कोण आहे हे ठरवणे कठीण जाईल.

याच सूत्राने काढलेली, अनोळखी व्यक्तीची ओळख (प्रतिमीटर २५० पिक्सेल) पटवता येणारी कमाल अंतरे पुढीलप्रमाणे आहेत:

| आडवा कोन | २ मेगापिक्सेल (१,९२०) | ४ मेगापिक्सेल (२,५६०) | ८ मेगापिक्सेल (३,८४०) |
|---|---|---|---|
| ६० अंश | ६.७ मीटर | ८.९ मीटर | १३.३ मीटर |
| ८० अंश | ४.६ मीटर | ६.१ मीटर | ९.२ मीटर |
| १०० अंश | ३.२ मीटर | ४.३ मीटर | ६.४ मीटर |
| १३० अंश | १.८ मीटर | २.४ मीटर | ३.६ मीटर |

परिचित व्यक्तीची ओळख पटण्यासाठी निम्मे पिक्सेल पुरतात, म्हणून त्यासाठीची अंतरे कोष्टकातील आकड्यांच्या दुप्पट धरता येतात. हे आकडे भरपूर प्रकाशातील व वक्रता नसलेल्या चित्रासाठी आहेत. रुंद भिंगांत सरळ रेषा कडेला पिंपाच्या आकाराप्रमाणे फुगलेल्या दिसतात आणि कडेचा तपशील मध्यभागापेक्षा कमी स्पष्ट असतो. रात्री हालचालीमुळे चित्र फराटल्यासारखे होते. त्यामुळे प्रत्यक्षातील उपयुक्त अंतर याहून कमी असते.

यामुळे घराच्या सुरक्षेसाठी अनेकदा दोन कॅमेऱ्यांची रचना करतात. रुंदकोनी कॅमेरा संपूर्ण अंगणातील घडामोडी दाखवतो, तर ६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या नाभीय अंतराचा दुसरा कॅमेरा केवळ फाटकावर रोखून येणाऱ्याचा चेहरा टिपतो.

## प्रकार

* बुलेट कॅमेरा: नळीच्या आकाराचा असतो. पुढे आलेल्या टोपीमुळे भिंगावर पाऊस व ऊन कमी येते. तो दुरूनही दिसत असल्याने धाक निर्माण होतो, पण त्याची दिशा हाताने फिरवणेही सोपे असते.
* डोम कॅमेरा: पारदर्शक घुमटाखाली बसवलेला असतो. त्याचा रोख बाहेरून सहज कळत नाही. घुमटावर धूळ किंवा ओरखडे असल्यास रात्री अवरक्त प्रकाश परतून चित्र पांढुरके होते.
* टरेट कॅमेरा: चेंडूसारखे डोके खाचेत बसवलेले असते. पुढे घुमट नसल्याने परावर्तनाचा त्रास कमी होतो.
* दुहेरी भिंगाचा कॅमेरा: दोन भिंगांची चित्रे जोडून सुमारे १८० अंशांचे सलग दृश्य तयार करतो. जोडाजवळून जाणारी व्यक्ती काही वेळा तुटक दिसते.
* फिशआय कॅमेरा: १८० किंवा ३६० अंशांचे वर्तुळाकार चित्र देतो. ते नंतर संगणकीय प्रक्रियेने सरळ करावे लागते.
* फिरता कॅमेरा: आडवा व उभा फिरतो. तो एका वेळी एकाच दिशेला पाहतो, त्यामुळे पाठीमागे घडलेली घटना नोंदली जात नाही.

जोडणीच्या दृष्टीने समाक्ष (कोअॅक्सियल) तारेवर चालणारे व डीव्हीआरला जोडले जाणारे कॅमेरे आणि संगणकीय जाळ्यावर चालणारे व एनव्हीआरला जोडले जाणारे आयपी कॅमेरे असे दोन गट पडतात. मेमरी कार्ड असलेले वायफाय कॅमेरे आणि शेतावरील घरांसाठी सिमकार्ड व सौर पॅनेल असलेले कॅमेरेही वापरात आहेत.

## जागा, उंची व दिशा

घराबाहेरील कॅमेरा साधारणतः अडीच ते साडेतीन मीटर उंचीवर बसवतात. त्याहून खाली असल्यास तो हाताला लागतो, तर फार वर नेल्यास चेहऱ्याऐवजी डोक्याचा माथा दिसतो. ३ मीटर उंचीवरील कॅमेरा ४ मीटर दूर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे (जमिनीपासून सुमारे १.६ मीटर) जवळपास १९ अंश खाली झुकून पाहतो. तोच कॅमेरा साडेचार मीटरवर नेल्यास हा कल सुमारे ३६ अंश होतो आणि टोपी किंवा हेल्मेटखालील चेहरा झाकला जातो. दुमजली घराच्या गच्चीवर लावलेल्या कॅमेऱ्यात चोरी दिसते पण चोर ओळखू येत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

रुंदकोनी कॅमेऱ्यासाठी घराचा बाह्य कोपरा सोयीचा मानला जातो, कारण तेथून दोन्ही भिंतींसमोरची जागा दिसते. कॅमेरा सपाट भिंतीला फार चिकटून असल्यास चित्राच्या कडेला भिंतच येते. रात्री तिच्यावरून अवरक्त प्रकाश परावर्तित होतो, कॅमेरा तो प्रकाश पुरेसा समजून उघडीप कमी करतो आणि उरलेले अंगण काळे पडते. चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या भिंतींजवळ हा दोष अधिक जाणवतो. कौलांची वळचण, वेली व कडुनिंबाच्या खाली आलेल्या फांद्या यांचाही असाच परिणाम होतो.

दिशेचा विचार करताना सूर्य थेट भिंगात येणार नाही हे पाहतात. छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो आणि २१ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीही तो क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर येतो. त्यामुळे उत्तरेकडे रोखलेल्या कॅमेऱ्याला सर्वात कमी त्रास होतो. पूर्व व पश्चिम दिशांना सकाळ-संध्याकाळ चित्र झगझगते. फाटक त्याच दिशेला असल्यास कॅमेरा जास्त खाली झुकवतात व उजेड-सावलीचा मोठा फरक सांभाळणारी डब्ल्यूडीआर सोय वापरतात.

जागा पक्की करण्याआधी कॅमेरा हातात किंवा शिडीवर धरून मोबाइलवर चित्र पाहणे आणि एका व्यक्तीला फाटकापासून दारापर्यंत दिवसा व रात्री चालायला लावून चेहरा कोठे ओळखू येतो ते तपासणे, ही प्रचलित पद्धत आहे.

## बसवणी

### भिंत व वायर

काँक्रीट किंवा विटांच्या भिंतीत छिद्र पाडून प्लास्टिकचे रॉल प्लग व स्क्रू यांनी कॅमेरा बसवतात. चुन्याच्या जोडकामाच्या जुन्या दगडी भिंतींत सांध्यामध्ये पाडलेले छिद्र सैल होते, म्हणून दगडात किंवा आधी बसवलेल्या लाकडी अथवा लोखंडी पट्टीवर कॅमेरा घेतात. वायरचे जोड जंक्शन बॉक्समध्ये ठेवतात. वायर पीव्हीसी पाइपातून नेतात आणि भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल देतात, जेणेकरून पावसाचे पाणी वायरवरून घरात न येता झोलाच्या टोकाशी ठिबकते. भिंतीतील छिद्रही बाहेरच्या बाजूला थोडे उतरते ठेवतात.

### वीजपुरवठा

समाक्ष तारेच्या यंत्रणेत चित्रासाठी एक व विजेसाठी वेगळ्या तारा असलेली ‘थ्री प्लस वन’ केबल वापरतात आणि कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा एकदिश पुरवठा देतात. लांब अंतरावर व्होल्टता घटते. रात्री अवरक्त दिवे लागल्यावर विजेची मागणी वाढते आणि कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. दिवसा चालणारा व रात्रीच बंद पडणारा कॅमेरा हे या दोषाचे नेहमीचे लक्षण आहे.

आयपी कॅमेऱ्यांत एकाच नेटवर्क केबलमधून वीज व माहिती नेण्याची पीओई पद्धत वापरतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयईईई ८०२.३एएफ मानकानुसार स्रोताकडून १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते व केबलची लांबी १०० मीटरपर्यंत असू शकते. वीज गेल्यावर नोंदणी चालू राहावी म्हणून केवळ कॅमेराच नव्हे, तर डीव्हीआर किंवा एनव्हीआर, पीओई स्विच आणि राउटर हे सर्व यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्यावे लागतात.

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. कॅमेऱ्यात ६० हर्ट्झची मांडणी राहिल्यास रस्त्यावरील दिव्यांच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

### ऊन, पाऊस, वीज व कीटक

धूळ व पाणी यांपासूनचे संरक्षण आयईसी ६०५२९ मानकातील आयपी अंकांनी दाखवतात. आयपी ६६ म्हणजे धूळरोधक व जोराच्या पाणीझोतापासून सुरक्षित, तर आयपी ६७ म्हणजे धूळरोधक व मर्यादित काळ पाण्यात बुडाले तरी सुरक्षित. हे संरक्षण कॅमेऱ्याच्या खोक्याला असते. उघडा राहिलेला वायरचा जोड त्यात येत नाही, आणि पावसाळ्यातील बिघाड बहुधा या जोडांतच होतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. थेट उन्हातील धातूचे खोके हवेपेक्षाही अधिक तापते, म्हणून सावलीची जागा किंवा वरची टोपी उपयोगी पडते.

मान्सूनपूर्व व परतीच्या पावसात विजांचे प्रमाण अधिक असते. गच्चीवरून किंवा खांबावरून आलेल्या धातूच्या तारेतून विजेचा लोट नोंदणीयंत्रापर्यंत पोहोचू शकतो. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर व योग्य भूसंपर्क (अर्थिंग) लागतो. जमीन कोरडी झाली की भूसंपर्काचा रोध वाढतो, म्हणून खडकाळ व मुरमाड जमिनीत त्याची तपासणी उन्हाळ्याअखेर करतात.

रात्री अवरक्त दिव्यांच्या उबेजवळ व प्रकाशाजवळ कीटक जमतात, त्यांना पकडण्यासाठी कोळी भिंगासमोर जाळे विणतात आणि जाळ्याच्या हलण्याने हालचालीच्या खोट्या सूचना येत राहतात. अवरक्त दिवा कॅमेऱ्यापासून दूर स्वतंत्रपणे लावल्यास हा त्रास कमी होतो. ८५० नॅनोमीटरचे दिवे फिकट लाल दिसतात व दूरवर प्रकाश देतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो.

## चित्रणाची साठवण

साठवणीची गरज प्रतिसेकंद बिट-दरावर ठरते. प्रतिसेकंद २ मेगाबिट दराने सतत नोंदणी केल्यास एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा घेतो. या हिशेबाने १ टेराबाइटची हार्ड डिस्क एका कॅमेऱ्याला सुमारे ४६ दिवस, तर चार कॅमेऱ्यांना साधारण साडेअकरा दिवस पुरते. १२८ गिगाबाइटच्या मेमरी कार्डावर एका कॅमेऱ्याचे सहा दिवसांहून थोडे कमी चित्रण मावते. एच.२६५ ही संपीडन पद्धत जुन्या एच.२६४ पेक्षा कमी जागेत तेवढ्याच प्रतीचे चित्र ठेवते.

जागा संपल्यावर यंत्र सर्वात जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहिते. घटना उशिरा लक्षात आल्यास, उदाहरणार्थ कुटुंब पंधरा दिवस गावी गेले असताना चोरी झाल्यास, नेमके आवश्यक चित्रण पुसले गेलेले असू शकते. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असल्यास चोर कॅमेऱ्यासह पुरावाही नेतो. म्हणून नोंदणीयंत्र आतल्या खोलीत कुलपात ठेवतात किंवा महत्त्वाच्या घटनांची प्रत दूरस्थ सर्व्हरवर जाऊ देतात.

## माहितीची सुरक्षा

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हा एक छोटा संगणकच असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांचा वापर करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या कंपनीच्या नामप्रणालीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास अनुपलब्ध राहिली. कॅमेऱ्यांच्या मालकांना आपले यंत्र त्यात सामील असल्याचे सहसा कळलेही नाही.

भारतात इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात सुरक्षाविषयक आवश्यकतांची भर घातली. त्यांची अंमलबजावणी मुदतवाढीनंतर एप्रिल २०२५ पासून झाली. घरगुती पातळीवर मूळ पासवर्ड बदलणे, यंत्रणेची सुधारित आवृत्ती वेळोवेळी घेणे, राउटरवरील अनावश्यक पोर्ट बंद ठेवणे, कॅमेऱ्यांसाठी वेगळे वायफाय जाळे ठेवणे आणि बसवणाऱ्या कारागिराकडे राहिलेला प्रवेश काढून टाकणे या उपायांचा अवलंब केला जातो.

## छावणी परिसरातील स्थिती

छावणी हा छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिम भागातील लष्करी वसाहतीचा परिसर आहे. खाम नदीमुळे तो जुन्या शहरापासून वेगळा होतो. निझामाच्या राजवटीत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिन्जंटच्या तुकड्या येथे असत. आज या भागाचा नागरी कारभार छावणी परिषदेकडे असून तिला छावणी अधिनियम, २००६ लागू आहे. नागरी वस्ती, बाजारपेठ, चर्च, जुने बंगले आणि लष्करी आस्थापना येथे जवळजवळ आहेत.

या मिश्र स्वरूपामुळे घराबाहेरील कॅमेऱ्यासंबंधी तीन बाबी येथे विशेष महत्त्वाच्या ठरतात. पहिली बाब लष्करी हद्दीची. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मध्ये लष्करी आस्थापना व तळ यांचा समावेश ‘निषिद्ध स्थान’ या संज्ञेत होतो आणि देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने अशा स्थानाचे रेखाटन किंवा नोंद करणे हा गुन्हा आहे. घरमालकाचा असा हेतू नसला तरी १०० अंशांच्या कॅमेऱ्यात रस्त्यापलीकडील लष्करी फाटक, पहारा व वाहनांची ये-जा सहज येते, आणि तेच चित्र दूरस्थ सर्व्हरवर जाते. कॅमेऱ्याचा पासवर्ड फुटल्यास ते भलत्याच व्यक्तीच्या हाती पडू शकते. म्हणून अशा घरांत अरुंद कोनाचे भिंग निवडणे, कॅमेरा स्वतःच्या फाटकाच्या आत झुकवणे किंवा तेवढा भाग कायमचा झाकणारी ‘प्रायव्हसी मास्क’ची सोय वापरणे हे मार्ग उरतात.

दुसरी बाब जागेच्या मालकीची. छावण्यांमधील अनेक जुन्या बंगल्यांची जमीन सरकारच्या मालकीची असते व बांधकामातील बदलांना परिषदेची परवानगी लागते. भिंतीवर कॅमेरा बसवणे हा मोठा बदल नसला, तरी रस्त्याकडेला नवा खांब रोवणे किंवा कुंपणाची उंची वाढवणे ही वेगळी बाब होय.

तिसरी बाब गर्दीची. छावणीत दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. रस्त्याकडे तोंड असलेल्या रुंदकोनी कॅमेऱ्यातून अशा दिवशी हालचालीच्या सूचनांचा पाऊस पडतो आणि कंटाळून मालक सूचनाच बंद करतो. सूचना-क्षेत्र फाटकाच्या आतल्या जागेपुरते आखल्यास आणि फक्त माणूस किंवा वाहन ओळखल्यावरच सूचना येईल अशी मांडणी केल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो.

## कायदेशीर बाजू

### खासगीपणा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. स्वतःच्या घरावर कॅमेरा लावण्यास भारतात सर्वसाधारण मनाई नाही. मात्र त्याचा रोख शेजाऱ्याच्या खिडकीत, न्हाणीघराकडे किंवा अंतर्गत अंगणात असल्यास तक्रारीला जागा होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ई नुसार संमतीवाचून एखाद्याच्या खासगी अंगाचे चित्रण करण्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७७ खाली स्त्रीचे खासगी कृतीच्या वेळी चोरून चित्रण करणे दंडनीय आहे.

एकाच वास्तूत राहणाऱ्या सहमालकांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, दुसऱ्या सहमालकाच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग असल्याचे म्हटले. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. वाडे व एकत्रित घरांच्या विभागणीत सामाईक चौक किंवा जिना येतो, अशा ठिकाणी हा निर्णय महत्त्वाचा आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या वापराला लागू होत नाही. दुकान, वसतिगृह किंवा गृहनिर्माण संस्था यांच्या कॅमेऱ्यांना ही सूट आपोआप मिळत नाही. घरगुती चित्रण समाजमाध्यमांवर टाकून एखाद्याला चोर ठरवल्यास ते घरगुती कारण राहत नाही आणि बदनामीचा दावाही संभवतो.

### पुरावा म्हणून ग्राह्यता

इलेक्ट्रॉनिक चित्रणाच्या ग्राह्यतेविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय मराठवाड्यातूनच उद्भवला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजेची मुदत उलटल्यावर सादर झाला, असा दावा करणाऱ्या निवडणूक याचिकेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण मध्यवर्ती ठरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. चित्रणाच्या प्रतींसोबत पुरावा अधिनियमातील कलम ६५बी(४) चे प्रमाणपत्र नव्हते. याचिकाकर्त्यांनी मागणी करूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळताना स्पष्ट केले की, प्रतीच्या स्वरूपातील इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी हे प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीसह न्यायालयात हजर केल्यास ते लागत नाही. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसल्यास न्यायालयामार्फत ते मागवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये ही तरतूद कायम असून, प्रमाणपत्राच्या दोन भागांपैकी एक यंत्राचा ताबा असलेल्या व्यक्तीने व दुसरा तज्ज्ञाने द्यायचा असतो. त्यात नोंदीचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते.

या तरतुदींमुळे घरमालकाच्या दृष्टीने काही साध्या गोष्टींना महत्त्व येते. यंत्रातील घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी जुळलेले असावे लागते. मूळ चित्रण यंत्रातून न पुसता त्याची प्रत काढावी लागते. संदेशसेवेवरून पाठवलेली आखूड चित्रफीत ही मूळ नोंद नसते, शिवाय अशा पाठवणीत चित्राची प्रतही घटते. मोबाइलने पडद्याचे केलेले चित्रण त्याहून दुबळे ठरते.

## देखभाल

पावसाळ्यापूर्वी जोड व सील तपासणे, पावसाळ्यानंतर भिंग मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने पुसणे, आणि दरमहा मागील काही दिवसांचे चित्रण उघडून पाहणे ही देखभालीची मुख्य कामे आहेत. हार्ड डिस्क बिघडली तरी पडद्यावरचे थेट चित्र चालूच राहते. त्यामुळे नोंदणी बंद असल्याचे पुष्कळदा घटना घडल्यावरच लक्षात येते. फांद्यांची वाढ, रस्त्यावरील दिव्यांतील बदल आणि समोर उभी राहणारी नवी बांधकामे यांमुळेही मूळ रचना कालांतराने निरुपयोगी होऊ शकते.

## मर्यादा

कॅमेरा घटना थांबवत नाही, तो तिची नोंद करतो. कुलूप, कडी, फाटकाची उंची, अंगणातील दिवा आणि शेजाऱ्यांशी असलेला संपर्क यांची जागा तो घेऊ शकत नाही. तोंड झाकलेल्या व्यक्तीची ओळख उत्तम कॅमेऱ्यातूनही पटत नाही. मात्र येण्याची वेळ, आलेली दिशा, चालण्याची ढब व वाहनाचा प्रकार यांवरून तपासाला दिशा मिळू शकते. अशा वेळी एका घराच्या चित्रणापेक्षा गल्लीतील अनेक घरांच्या कॅमेऱ्यांची, घड्याळे जुळलेली, साखळी अधिक उपयोगी ठरते.

## हेही पहा

* बंदिस्त परिपथ दूरचित्रवाणी
* फिशआय भिंग
* खासगीपणाचा हक्क
* भारतीय साक्ष अधिनियम, २०२३
* छावणी परिषद
* छत्रपती संभाजीनगर